आपत्तीकाळासाठी खिशातील विजेरी : निवड आणि निगा

आपत्ती वेळ सांगून येत नाही. परंतु महाराष्ट्राचा अनुभव पाहता ती अनेकदा अंधारातच आलेली आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेचा भूकंप झाला तो पहाटे, आणि ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसर हादरला तोही पहाटे चारच्या सुमारास, गावे झोपेत असताना. १९ जुलै २०२३ रोजी रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली ती रात्री. वाडीपर्यंत वाहनाचा रस्ता नसल्यामुळे मदत पथकांना डोंगराची वाट पायीच चढावी लागली. अशा प्रसंगी वीजपुरवठा बहुधा प्रथम खंडित होतो. त्यानंतरच्या पहिल्या तासात हाताशी असलेला प्रकाश ही चैन नसून जीवनावश्यक गरज ठरते.

मोबाईलमध्ये दिवा असताना वेगळी विजेरी कशासाठी, असा प्रश्न साहजिकच विचारला जाईल. मोबाईल हे आपत्तीत प्रथम संपर्काचे साधन आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर कोकणातील अनेक गावे कित्येक दिवस विजेविना होती. अशा वेळी मोबाईलमधील वीज दिव्यासाठी खर्च करणे म्हणजे मदत मागण्याचा मार्ग आपणच बंद करण्यासारखे आहे. मेणबत्ती किंवा कंदील हाही सुरक्षित पर्याय नव्हे. भूकंपानंतर स्वयंपाकाच्या गॅसची गळती झालेली असू शकते व उघडी ज्योत स्फोटास कारण होते. साध्या विजेरीच्या बटणातूनही सूक्ष्म ठिणगी उडण्याची शक्यता असल्याने ती बाहेर सुरू करूनच पडझड झालेल्या घराजवळ जावे, हा नियम लक्षात ठेवावा.

निवड कशी करावी?

विजेरीच्या वेष्टनावर प्रकाशाचे मान ‘ल्युमेन’ या एककात दिलेले असते. मोठा आकडा पाहून खरेदी करण्याकडे अनेकांचा कल असतो. परंतु त्याबरोबर तो प्रकाश किती तास टिकतो हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. सेलमध्ये साठविलेली ऊर्जा मर्यादित असते. प्रकाश जितका प्रखर, तितकी ती लवकर संपते. खोलीत वावरण्यास किंवा पायवाट पाहण्यास २० ते ३० ल्युमेन पुरतात. दूरवरचा ओढा अथवा दरड न्याहाळण्यास शंभराहून अधिक लागतात. म्हणून मंद व प्रखर असे किमान दोन टप्पे असलेली, आणि प्रथम मंद टप्प्यावर सुरू होणारी विजेरी उत्तम. जुन्या तारेच्या बल्बपेक्षा एलईडी दिवा कितीतरी कमी वीज घेतो व धक्क्याने सहसा निकामी होत नाही. त्यामुळे आज बल्बच्या विजेरीचा विचार करण्याचे कारण उरलेले नाही.

दुसरा प्रश्न सेलचा. विजेवर पुन्हा भारित होणाऱ्या विजेऱ्या रोजच्या वापरास काटकसरीच्या आहेत. मात्र वीजच नसेल तर त्या भारित करणार कशा? भिंतीवरच्या घड्याळात वापरला जाणारा पेन्सिल सेल खेड्यातील किराणा दुकानातही मिळतो. आपत्तीसाठी राखून ठेवायची विजेरी अशा एकाच सेलवर चालणारी असणे सोयीचे. ती खिशात मावते आणि बदलावयाचा सेल शोधावा लागत नाही. स्वस्त झिंक-कार्बन सेलपेक्षा अल्कलाइन सेल अधिक काळ टिकतो.

तिसरी कसोटी पाण्याची. वेष्टनावर ‘आयपीएक्स ४’ असे लिहिलेले असल्यास विजेरी सर्व बाजूंनी उडणारे पाणी सोसते. ‘आयपीएक्स ७’ असल्यास एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडूनही निकामी होत नाही. पूरप्रवण गावांनी दुसऱ्या प्रकाराचा आग्रह धरावा. बटण ओल्या हाताने, अंधारात, केवळ स्पर्शाने सापडते किंवा नाही, हे दुकानातच डोळे मिटून पाहावे.

निगा महत्त्वाची

उत्तम विजेरीही ऐनवेळी दगा देते, ती बहुधा निष्काळजीपणामुळे. वापरात नसलेल्या विजेरीत सेल तसाच राहिल्यास त्यातील क्षार बाहेर पडून धातूची पट्टी गंजते. शिवाय काही विजेऱ्यांतील इलेक्ट्रॉनिक बटण बंद अवस्थेतही किंचित वीज घेत राहते. म्हणून साठवणीतील विजेरीचे सेल काढून तिच्यासोबतच एका पिशवीत बांधून ठेवावेत. उशाशी ठेवण्याच्या विजेरीचे मागील झाकण थोडे सैल करून ठेवल्यास पुष्कळ विजेऱ्यांत वीजप्रवाह तुटतो. आपल्या विजेरीत तसे होते का, हे एकदा पाहून घ्यावे. जुना व नवा सेल एकत्र घालू नये. विजेरीची जागा ठरलेली असावी व ती घरातील मुलांनाही माहीत असावी. ढिगाऱ्याखाली वा पुराने वेढलेल्या घरात अडकलेल्या व्यक्तीस विजेरी मधूनमधून उघडमीट करून शोधपथकाचे लक्ष वेधता येते. सतत चालू ठेवण्यापेक्षा त्यात सेलची बचतही होते.

शाळा व ग्रामपंचायतींना या कामी पुढाकार घेता येईल. १ मे रोजीच्या ग्रामसभेच्या निमित्ताने, पावसाळ्यापूर्वी, ग्रामपंचायत कार्यालय, शाळा, अंगणवाडी व आरोग्य उपकेंद्र येथील विजेऱ्या प्रत्यक्ष सुरू करून तपासाव्यात आणि त्याची नोंद ठेवावी. प्रत्येक विजेरीवर ११२ हा आपत्कालीन साहाय्याचा व १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक चिकटवावा. निरुपयोगी सेल कचऱ्यात वा विहिरीलगत न टाकता वेगळे जमा करावेत.

विजेरीची किंमत अल्प आहे, तपासणीस दोन मिनिटे पुरतात. काळोख्या रात्री वाट दाखविणारा प्रकाश त्या दोन मिनिटांवर अवलंबून असतो, याची जाणीव प्रत्येक घराने व प्रत्येक कार्यालयाने ठेवणे अगत्याचे आहे.