चालत्या लिनक्समध्ये ग्लिबसी कशी बदलते?

मागच्या वेळी आपण पॅकेज म्हणजे काय ते पाहिलं. आज जरा अवघड जागेकडे जाऊ. डेबियन, उबुंटू, फेडोरा, कुठलंही घ्या. जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम ग्लिबसी या एका लायब्ररीवर उभा असतो. एलएस, सीपी, बॅश आणि अपडेट करणारा एपीटीसुद्धा. मग बसल्या फांदीलाच हात कसा घालायचा?

त्याचं असं आहे, की लिनक्समध्ये फाइलचं नाव वेगळं आणि फाइल वेगळी. नाव ही नुसती पाटी. खरी फाइल म्हणजे आयनोड. डीपीकेजी नवी लायब्ररी आधी शेजारी तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहून घेतो आणि मग 'रीनेम' करतो. पाटी एका झटक्यात फिरते. बघणाऱ्याला जुनी फाइल दिसेल किंवा नवी, अर्धवट कधीच नाही. जुनी बिननावाची होते, पण चालू प्रोग्राम ती धरून असेपर्यंत कर्नल तिला पुसत नाही.

आता हेच आपण हाताने सीपी करून केलं तर? सीपी त्याच आयनोडवर लिहितो. चालू प्रोग्रामच्या पायाखालची पानं बदलतात आणि ते धडाधड कोसळतात. आणि फाइल आरएमने उडवली, तर एलएस नाही, एमव्ही नाही, सुडोही नाही! इको आणि सीडी तेवढ्या चालतात, कारण त्या बॅशच्या पोटातल्याच आज्ञा. अशा वेळी रूटचं उघडं टर्मिनल चुकूनही बंद करायचं नाही. बिझीबॉक्सची स्टॅटिक प्रत मशीनवर असेल तर तिच्याकडून फाइल जागेवर आणता येते. नसेल तर लाइव्ह पेनड्राइव्ह शोधा.

पण जुनी फाइल जिवंत राहते, यातच एक गोम आहे. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड दोष जाहीर झाला. नुसतं पॅकेज अपडेट करून भागत नव्हतं. वेब सर्व्हर रीस्टार्ट होईपर्यंत मेमरीत जुनीच लायब्ररी, म्हणजे भोक तसंच. डिस्कवर मात्र सगळं नवंकोरं! एलएसओएफच्या यादीत अशा फाइलपुढे 'डीईएल' दिसतं. डेबियन-उबुंटूवर नीडरीस्टार्ट हेच शोधून देतो.

सिस्टिमडी, म्हणजे प्रोसेस क्रमांक १, मारता येत नाही. तो आपली स्थिती लिहून ठेवून स्वतःलाच नव्याने सुरू करतो. कर्नलला मात्र सहसा रीबूटच लागतो, आणि तोवर जुना कर्नल ग्रबच्या यादीत राहू द्यावा.