बटण बंद, तरी बल्ब मंद पेटतोय? होल्डरमध्ये करंट असू शकतो, असं तपासा

रात्री बटण बंद करून आडवं व्हावं आणि बघावं तर एलईडी बल्ब काजव्यासारखा मंद पेटतोच आहे. बऱ्याच घरांत हे दिसतं आणि ‘बल्बचा माल हलका असेल’ म्हणून सोडून दिलं जातं. पण ही वायरिंग उलटी असल्याची खूण असू शकते. जुन्या पिवळ्या बल्बला ही चूक कळत नव्हती. एलईडीला अगदी थोडा करंट पुरतो, म्हणून ती आता दिसायला लागली. बटण बंद आहे या भरवशावर स्टुलावर चढून होल्डरला हात घालणाऱ्याच्या मात्र ती जिवावर बेतू शकते.

नेमकी चूक काय असते?

बल्बपर्यंत दोन वायरी येतात. फेजमधून करंट येतो, न्यूट्रलमधून परत जातो. घरगुती सिंगल फेज लाईन 230 व्होल्टची असते. यातली कोणतीही एक वायर तोडली तरी बल्ब विझतो. म्हणजे बटण चुकून न्यूट्रलवर बसवलं तरी बल्ब चालू-बंद होतोच. त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाला शंका येत नाही.

पाइपलाइनचं उदाहरण घ्या. कॉक मोटरजवळ बंद केला तर पुढचा पाइप मोकळा राहतो. तोच कॉक शेवटच्या टोकाला बंद केला तर पाणी पडत नाही, पण अख्खा पाइप दाबाने भरलेला राहतो. बटण न्यूट्रलवर असेल तर असंच होतं. बल्ब विझतो, पण होल्डरपर्यंत फेज जिवंतच राहतो. म्हणून नियम एकच, बटण फेजवरच पाहिजे.

मंद उजेडाची कारणं आणखीही असतात. बटणात छोटा इंडिकेटर असेल, भिंतीत ओल असेल किंवा दोन वायरी लांबवर शेजारून गेल्या असतील तरी एलईडी थोडा पेटतो. म्हणून अंदाज न लावता तपासलेलं बरं.

टेस्टरने असं तपासा

हात कोरडे, पायात रबरी चप्पल आणि चढायला कोरडा लाकडी स्टूल घ्या. लोखंडी खाट किंवा शिडी नको. घरात दुसरं मोठं माणूस हजर असू द्या. भिंत ओली असेल किंवा टेस्टर वापरायची सवय नसेल तर हे काम वायरमनकडेच द्या.

1. चालू असलेल्या सॉकेटमध्ये आधी टेस्टर लावून बघा. टेस्टरच बिघडलेला असेल तर तो ‘करंट नाही’ असं खोटं सांगतो.

2. बटण बंद करा. बल्ब प्लॅस्टिकच्या भागाला धरून काढा, धातूच्या टोपणाला हात लावू नका.

3. होल्डरच्या एका पिनला टेस्टर लावा, मग दुसऱ्या. टोक एकाच वेळी दोन्ही पिनांना लागू देऊ नका, शॉर्ट होऊ शकतं.

4. बटण बंद असताना टेस्टर कुठेच लागला नाही तर ठीक. एका पिनवर नीट लागला, तर बटण न्यूट्रलवर आहे किंवा बटणच आतून खराब आहे. दोन्ही बाबतीत दुरुस्ती हवीच.

बल्ब लागतच नसेल तर

आधी तोच बल्ब दुसऱ्या होल्डरमध्ये लावून बघा. बल्ब चांगला असेल तर वरच्यासारखाच टेस्टर लावा, पण या वेळी बटण चालू ठेवून. दोन्ही पिनांवर टेस्टर लागला नाही, तर फेज पोचत नाही. बटण, जोड किंवा वायर यात बिघाड आहे. एका पिनवर लागतो आणि तरी बल्ब पेटत नाही, तर होल्डरची पिन आत दबलेली आहे किंवा न्यूट्रल तुटला आहे.

सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर लागतोय? तर बहुधा न्यूट्रल मागे कुठेतरी तुटला आहे. त्या लाईनवर चालू असलेल्या बल्ब-पंख्यातून फेज न्यूट्रलच्या वायरीत उतरतो. वस्तू बंद दिसतात, पण दोन्ही वायरी शॉक देऊ शकतात.

न्यूट्रल गेला म्हणून काही जण अर्थिंगच्या वायरीवर बल्ब चालवतात. हे कधीही करू नका. अर्थिंग कोरडं किंवा कमजोर असेल तर त्याला जोडलेल्या फ्रिज, मिक्सर, मोटरच्या बॉडीत करंट उतरतो.

आणि बल्ब अचानक जास्तच उजळ झाले, पंखे जोरात फिरायला लागले तर लगेच मेन बंद करा. बाहेरच्या लाईनचा न्यूट्रल तुटल्यावर असं होतं आणि घरातली उपकरणं जळतात. महावितरणकडे 1912 वर तक्रार द्या.

मेन बंद केला म्हणजे झालं का?

नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद केल्यावरही लाईटच्या लाईनला करंट असतो. दुरुस्तीआधी मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करा आणि ज्या वायरीला हात लावायचा तिलाच टेस्टर लावून खात्री करा. वायरीच्या रंगावर विसंबू नका. घरच्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थिंग अशी पद्धत आहे, पण जुन्या घरात हाताला लागेल ती वायर वापरलेली असते.

एकाच खोलीत उलटं निघालं तर चूक त्या बोर्डात आहे. सगळ्याच खोल्यांत उलटं निघालं, विशेषतः खांबावरची केबल किंवा मीटर बदलल्यानंतर, तर फेज-न्यूट्रल मीटरच्या बाजूलाच अदलाबदल झाले असण्याची शक्यता आहे. अशा वेळी एका खटक्याची साधी एमसीबी खाली पाडली तरी घरात फेज येतच राहतो. खांबाला किंवा मीटरला स्वतः हात लावू नका. 1912 वर कळवा.

वायरमनला हे तीन प्रश्न विचारा

बोर्डातली जोडणी बदलायचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. तो आला की विचारा: सगळी बटणं फेजवर आहेत का? मेन डबल पोल आहे का, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो का? आणि 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवता येईल का? करंट अंगातून जमिनीत जायला लागला की आरसीसीबी क्षणात लाईन तोडते. मात्र एका हाताला फेज आणि दुसऱ्याला न्यूट्रल लागला तर तिला ते कळत नाही. म्हणून ती बसवली तरी काळजी सोडायची नाही.

कुणाला शॉक लागलाच तर धावत जाऊन त्याला धरू नका. आधी मेन आणि इन्व्हर्टर बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला वायरीपासून बाजूला करा आणि 108 वर ॲम्ब्युलन्स बोलवा.

आज रात्री झोपताना सगळी बटणं बंद करून प्रत्येक बल्बकडे एकदा वर बघा. कुठला मंद पेटताना दिसला तर तपासून घेईपर्यंत त्या होल्डरला घरातल्या कुणालाही हात लावू देऊ नका.