वसंतातील हवामान आणि शेतातील कामे

प्रायश्चित्तकाळ सुरू होतो त्या सुमारास आपल्या राज्यात रब्बीची पिके कापणीला येऊ लागतात आणि पुनरुत्थानाचा सण उलटून काही आठवडे जातात न जातात, तोच शेतकरी खरीपाच्या तयारीला लागतो. या दोन-तीन महिन्यांना आपण वसंत म्हणतो. शहरात राहणाऱ्यांना हा ऋतू म्हणजे आंब्याचा मोहोर, कोकिळेचा स्वर आणि मुलांच्या परीक्षा एवढाच जाणवतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र हा वर्षातील सर्वांत अवघड काळ होय. मागील हंगामाचे पीक अद्याप घरात आलेले नसते आणि पुढील हंगामाची जमीन तयार व्हायची असते. ही दोन्ही कामे एकाच आकाशाखाली होत असल्यामुळे पावसाची एखादी सर एकाला तारते, तर त्याच्या शेजाऱ्याला बुडवते. असे का घडते, ते या लेखात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. युरोपात किंवा अमेरिकेत वसंत ऋतू हा पेरणीचा ऋतू असतो. हिवाळ्यात गोठलेली जमीन उबदार होण्याची तेथील शेतकरी वाट पाहतो आणि मातीचे तापमान साधारण १० अंशांपर्यंत पोहोचले की मका पेरतो. आपल्याकडे जमीन गोठत नाही. आपला पेरणीचा मुहूर्त उष्णतेवर नव्हे, तर पाण्यावर ठरतो. त्यामुळे वसंतात महाराष्ट्राचा शेतकरी मुख्यतः कापतो, वाळवतो, साठवतो आणि नांगरतो. उन्हाळी भुईमूग, उन्हाळी मूग, भाजीपाला यांसारखी ओलिताची पिके शेतात असतात, तसेच एप्रिल-मे महिन्यांत आले व हळद यांची लागवडही होते. परंतु कोरडवाहू शेतकऱ्याला या काळात आकाशाकडून काहीही नको असते. हवे असते ते केवळ निरभ्र आभाळ.

नेमके तेच आता दुर्मीळ होत चालले आहे. फेब्रुवारी ते मे या काळात जमीन दुपारी तापते, तिच्या सान्निध्यातील हवा हलकी होऊन वर चढते. अरबी समुद्राकडून किंवा बंगालच्या उपसागराकडून बाष्पयुक्त वारे आले आणि त्याच वेळी वरच्या थरात उत्तरेकडून वा पश्चिमेकडून थंड, कोरडी हवा आली, की आकाशात उंचच उंच ढग तयार होतात. अशा ढगांतील पाण्याचे थेंब वेगवान प्रवाहाबरोबर वर ओढले जातात, गोठतात, पुन्हा खाली येतात, पुन्हा वर जातात आणि अखेर गारा होऊन कोसळतात. म्हणूनच गारपीट बहुधा दुपारनंतर किंवा सायंकाळी होते, आणि एका गावात सडा पडलेला असताना दोन कोसांवरचे गाव कोरडे राहते. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ, मराठवाडा, मध्य व उत्तर महाराष्ट्रात झालेली गारपीट अनेकांच्या स्मरणात असेल. गहू, हरभरा, ज्वारी, द्राक्षे, डाळिंबे, कांदा यांपैकी जे शेतात उभे होते, ते त्या पंधरवड्यात आडवे झाले.

काढणीला आलेल्या पिकाला पाऊस इतका का जाचतो, हे शेतीशी संबंध नसलेल्या वाचकांसाठी थोडे सविस्तर सांगावेसे वाटते. धान्य पक्व होते तेव्हा रोपाचे काम संपलेले असते. त्यानंतर दाण्याला फक्त कोरडे व्हायचे असते. अशा वेळी पाणी मिळाले तर त्याचा उपयोग शून्य, अपाय मात्र अनेक. सोलापूर, अहिल्यानगर, बीड या भागांतील रब्बी ज्वारीचे दाणे भिजले की काळे पडतात. खाण्याच्या भाकरीची ज्वारी मग कमी भावाने विकावी लागते. तिचा कडबा कुजतो आणि वैशाखात जनावरांच्या दावणीला काय टाकावे, हा प्रश्न उभा राहतो. हरभऱ्याचे घाटे भिजून पुन्हा वाळले, की फुटतात आणि दाणे मातीत मिसळतात. उन्हाळी कांद्याचे तर त्याहून नाजूक काम आहे. काढलेला कांदा पातीसह शेतात सुकवावा लागतो. मान नीट वाळून बंद झाली, तरच तो चाळीत चार-पाच महिने टिकतो. मान ओली असताना पाऊस पडला, तर कांदा वरून चांगला दिसतो, चाळीतही जातो आणि महिन्याभरात आतून सडू लागतो. भाव वाढेल या आशेने ज्याने तो राखून ठेवला, त्याला नुकसान समजते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

हा प्रकार धान्यापुरताच मर्यादित नाही. सांगली जिल्ह्यातील तासगाव परिसरात शेडवर बेदाणा वाळत असतो. आपल्या वसईत राजेळी केळ्यांची सुकेळी उन्हात घातलेली असतात, किनाऱ्यावर बोंबील वाळत असतात आणि मिठागरांत मीठ धरू लागलेले असते. एका रात्रीच्या पावसाने हे सारे श्रम पाण्यात जातात. मिठागराच्या बाबतीत तर अक्षरशः.

पावसाइतकेच ऊनही विचारात घ्यावे लागते. गव्हाच्या ओंबीत दाणा भरत असताना हवा थंड हवी. फेब्रुवारीतच पारा चढू लागला, तर रोप घाई करते, दाणे भरण्याचा काळ आखडतो आणि दाणा बारीक, सुरकुतलेला राहतो. २०२२ चा मार्च महिना भारतात १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वांत उष्ण ठरला. देशातील गव्हाचे उत्पादन अपेक्षेपेक्षा घटले आणि त्या वर्षी १३ मे रोजी केंद्र सरकारने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. कोकणातील हापूसलाही हाच ताप भोवतो. मोहोर येण्यासाठी थंड रात्री लागतात. मोहोर आल्यावर ढगाळ, दमट हवा राहिली तर तुडतुडे आणि भुरी यांचा उपद्रव वाढतो. पुढे कडक ऊन पडले तर सुपारीएवढी फळे गळतात आणि जी वाचतात, त्यांत पिकताना साका होण्याची भीती असते. साका झालेला आंबा वरून ओळखता येत नाही, तो कापल्यावरच कळतो.

येथे एक गोष्ट आम्हाला खटकते. गारपिटीचे नुकसान डोळ्यांना दिसते. तलाठी व कृषी सहायक येतात, पंचनामा होतो आणि नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक आढळल्यास शासकीय मदतीचा विचार होतो. २०१५ पूर्वी ही अट ५० टक्क्यांची होती. उन्हाने बारीक राहिलेल्या दाण्याचा मात्र सहसा कोणी पंचनामा करीत नाही. पीक उभे असते, हिरवे-पिवळे दिसते, मळणीही होते. केवळ पोती कमी भरतात.

आता नांगरटीकडे वळू या. शेतकऱ्यांच्या बोलण्यात ‘वाफसा’ हा एक सुंदर शब्द आहे. जमीन चिखल होण्याइतकी ओली नाही आणि दगड होण्याइतकी कोरडी नाही, मूठभर माती दाबली तर तिचा गोळा होतो, पण बोटाने टिचकी मारताच तो फुटतो, अशी स्थिती म्हणजे वाफसा. मातीच्या कणांमध्ये पाणी आणि हवा दोन्ही योग्य प्रमाणात असतात. नांगर, कुळव, पाभर या साऱ्यांना हीच स्थिती हवी असते. काळ्या रेगूर जमिनीत ती फार थोडे दिवस टिकते. रब्बीचे पीक काढल्यावर लगेच नांगरले, तर उरलेल्या ओलीमुळे माती सहज फुटते. पंधरा दिवस उशीर झाला की जमीन टणक होते, भेगा पडतात, ट्रॅक्टरला डिझेल अधिक लागते आणि डोक्याएवढी ढेकळे निघतात. ओल्या जमिनीत नांगर घातला, तर त्याहून वाईट. माती चेपली जाते, वाळल्यावर विटेसारखी होते आणि पुढे पिकाची मुळे तिच्यात शिरू शकत नाहीत.

नांगरलेली जमीन चैत्र-वैशाखाच्या उन्हात तापू देण्यामागेही कारण आहे. मातीत दडलेले किडींचे कोष आणि अंडी वर येतात, उन्हाने मरतात किंवा पक्षी ती टिपतात. हरळी-लव्हाळ्यासारख्या तणांच्या मुळ्या उघड्या पडून सुकतात. जी उष्णता गव्हाला मारक ठरते, तीच येथे शेतकऱ्याची चाकरी करते. त्यानंतर मे महिन्यात वळवाची एखादी चांगली सर आली, तर ढेकळे विरघळतात, तणांचे बी उगवून येते आणि कुळवाच्या एका पाळीत ते नष्ट करता येते. म्हणजे ज्या सरीने कांदा सडवला, त्याच सरीने शेजारच्या रानातील मशागतीचा खर्च वाचवला. वळीव पडला की गावात आनंद आणि हळहळ एकाच वेळी ऐकू येते, ती यामुळेच.

द्राक्षबागांची गोष्ट निराळी आहे आणि आमच्या मते ती सर्वांनी जाणून घेण्यासारखी आहे. नाशिक, सांगलीकडे फळे उतरल्यावर एप्रिलच्या सुमारास वेलीची खरड छाटणी करतात. त्यानंतरच्या साधारण दीड-दोन महिन्यांत नव्या काडीवरील डोळ्यांत पुढील वर्षाच्या घडांची सूक्ष्म जडणघडण होते. त्यासाठी भरपूर सूर्यप्रकाश लागतो. याच काळात आभाळ भरून राहिले आणि पाऊस लागला, तर वेल पानांनी डवरते, पण डोळ्यांत घड तयार होत नाहीत. हे शेतकऱ्याला तेव्हा दिसत नाही. ऑक्टोबरात फळछाटणी केल्यावर, फूट निघाली की मगच कळते. २०२५ च्या मे महिन्यातील पावसानंतर अनेक बागायतदारांनी हीच तक्रार केली होती.

त्या वर्षीच्या मे महिन्याचा उल्लेख झालाच आहे, तर त्याविषयी थोडे अधिक. २०२५ साली नैर्ऋत्य मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात, दुसऱ्याच दिवशी तळकोकणात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. मुंबईतील आगमनाची आजवरच्या नोंदींतील ही सर्वांत लवकरची तारीख होय. त्याआधीही राज्यात अनेक ठिकाणी अवकाळी पाऊस कोसळत होताच. पाऊस लवकर आला तर शेतकऱ्याचे भले झाले, असे वरवर पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात मे महिना हा मशागतीचा अखेरचा महिना असतो. तोच पावसात गेला, तर ज्यांची नांगरट व्हायची होती ती राहते, वाफसा मिळत नाही आणि तण मात्र जोमाने वाढते. उन्हाळी भुईमुगाच्या शेंगांना तर जमिनीतच मोड येतात.

शेतमजुरांवरही या साऱ्याचा भार पडतो. त्यांच्याविषयी क्वचितच लिहिले जाते. एप्रिल-मे महिन्यांत पहाटे निघून अकराच्या आत काम उरकावे लागते, त्यानंतरचे ऊन जिवाला घातक ठरू शकते. आभाळ येताना दिसले की साऱ्या गावाची काढणी एकाच दिवशी निघते आणि मजूर मिळत नाहीत. पीक भिजून गेले की त्याच मजुरांना कामच उरत नाही. विजांचे भयही याच दिवसांत अधिक असते. ढगांचा गडगडाट ऐकू येताच एकट्या झाडाखाली आसरा घेऊ नये, पक्क्या घराकडे जावे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाईलवरील साधन आसपासच्या विजांची पूर्वसूचना देते. हवामान खाते आणि राहुरी, परभणी, अकोला व दापोली येथील कृषी विद्यापीठे यांचे कृषी सल्लेही वाचण्याजोगे असतात. मात्र वादळी ढग नेमका कोणत्या गावावर फुटेल, हे बहुधा काही तासच आधी कळते. तेवढ्या वेळात ताडपत्री टाकता येते, कापणी होत नाही. म्हणून कापणी एकदम न करता, जेवढे त्या दिवशी झाकता येईल तेवढेच कापावे, हा जुन्या जाणत्यांचा रिवाज आजही शहाणपणाचा आहे.

शेवटी आपल्या ठाणे, पालघर, रायगडच्या भातशेतीविषयी. आवण तयार करण्यासाठी उन्हाळ्यात राब भाजतात. झाडाचा टाहाळ, पालापाचोळा, वाळलेले शेण आणि पेंढा जमिनीवर पसरून पेटवला, की तणांचे बी जळते आणि राखेचे खत मिळते. ओला राब पेटत नाही. ज्यांचा राब मे महिन्यातील पावसात भिजला, त्यांनी आवणात तण माजण्याची वाट पाहत न बसता गादीवाफे करून त्यांवर बियाणे पेरावे. त्याने झाडांची तोडही वाचते. त्याचप्रमाणे पहिल्या सरीला भुलून कोरडवाहू पिकांच्या पेरणीची घाई करू नये. सुमारे ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत खोलवर ओल गेल्याशिवाय पेरू नये, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. कारण मे महिन्यातील पाऊस आणि जूनमधील पाऊस यांच्यात पुष्कळदा मोठा खंड पडतो आणि दुबार पेरणीचे बियाणे पुन्हा उधारीवरच आणावे लागते. भाताचे आवण साधारण २१ ते २५ दिवसांचे झाले की लावणीस येते. मे महिना हातचा गेला म्हणून आवण पंधरा दिवस मागे पडले, तर लावणी मागे पडते, आणि तोच उशीर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हा कापणीच्या तोंडाशी येऊन उभा राहतो.