पाहुणा असा यावा

धामणकर नाक्यावर चहा घेताना भाच्याने विचारले, "मामा, गोल मारायला परदेशी खेळाडू आणले, तर आम्ही खेळायचे कुठे?"

प्रश्न रास्त होता. २०१४ साली आयएसएलमध्ये एका संघाचे सहा परदेशी मैदानात उतरू शकत. २०२१-२२ च्या हंगामापासून ती मर्यादा चारवर आली. आघाडीला पाहुणा आणि आपला पोरगा बाकावर, हा धोका खराच.

पण १३ मार्च २०२१ चा अंतिम सामना आठवा. अखेरच्या मिनिटाला नायजेरियाच्या ओगबेचेने चेंडू हिसकावून मणिपूरच्या बिपिन सिंगकडे दिला. बिपिनने गोल केला आणि मुंबई सिटीने एटीके मोहन बागानला २-१ असे हरवले.

आमच्या भिवंडीत यंत्रमागावरचे कारागीरही बाहेरूनच आले. नवख्याला माग शिकवणारा कारागीर गावाचा होतो. क्लबनेही पाहुणा तसाच पारखून आणावा.