आंबटाला काय घातलंय?

गोव्याच्या जेवणाविषयी बाहेरचा माणूस बोलू लागला की दोन शब्द ठरलेले: नारळ आणि तिखट. थायलंड, मलेशिया, श्रीलंका फिरून आलेला गोवेकरही तिथल्या जेवणाचं वर्णन याच दोन शब्दांत उरकतो. 'आपल्यासारखंच, खोबरं घालतात, मिरची जरा जास्त.' हे खोटं नाही, पण त्यातून हाती काही लागत नाही. साखळीपासून पेनांगपर्यंत सगळीकडे माड आहेतच, मग नारळावरून एक गाव दुसऱ्यापासून वेगळं कसं काढणार? मिरची तर मुळात अमेरिकेची. पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली. आज हरमलच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, पण साडेपाचशे वर्षांपूर्वी हरमलात ती कुणी पाहिलीही नव्हती. माझं म्हणणं असं की दक्षिण आणि आग्नेय आशियातलं कुठलंही स्वयंपाकघर ओळखायचं तर त्यातलं आंबट ओळखावं. मसाले व्यापाराबरोबर फिरले, मिरची फिरली, बटाटा फिरला. आंबट मात्र बहुधा परसातल्या किंवा जवळच्या रानातल्या झाडाचं असतं. म्हणून हॉटेलात बसल्यावर 'तिखट किती आहे?' यापेक्षा 'आंबटाला काय घातलंय?' हा प्रश्न जास्त कामाचा.

पुरावा घरचाच घेऊ. साखळी हे सत्तरीच्या तोंडावरचं बाजाराचं गाव; डोंगरातलं इथे उतरतं आणि किनाऱ्यावरची मासळी इथे चढते. त्यामुळे इथल्या रांधपात आंबटाचे जेवढे प्रकार सापडतात तेवढे तिखटाचे सापडत नाहीत. भिरंडांची म्हणजे कोकमाची सोलां, चिंच, तोर म्हणजे कोवळी कैरी, बिंबलं, आंबाडे, करमलं, शिवाय पावाच्या गोव्यातून आलेलं माडाचं व्हिनेगर. आणि ही आंबटं एकमेकांच्या जागी चालत नाहीत. बांगड्याच्या किंवा तारल्यांच्या हुमणाला सोलां आणि तेफळं; सुंगटांना बिंबलं, तोर नाहीतर आंबाडे. सुंगटांच्या हुमणात तेफळ पडलं तर जेवणारा काही बोलणार नाही, पण रांधणारी नवीन आहे एवढं ओळखेल. या नेमामागे कारण आहे. मासळीचा उग्र वास ज्या द्रव्यामुळे येतो ते आम्लाशी जुळलं की उडून नाकात जात नाही, भांड्यातच राहतं. बांगडा तेलकट आणि वासाचा, त्याला जोरकस आंबट लागतं. सुंगटं मुळात गोडसर, त्यांना बिंबलाची नाहीतर तोराची ताजी, हिरवी आंबटाई पुरते. आंबटाआंबटातला फरकही जिभेला कळतो. चिंचेतलं टार्टरिक आम्ल टोकदार असतं आणि कितीही उकळलं तरी टिकतं. लिंबाची मजा त्याच्या सुवासात, म्हणून ते चुलीवरून भांडं उतरवल्यावर. सोलांची आंबटाई धीमी आणि किंचित तुरट. घास गिळल्यावर मागाहून येते.

या सोलांपाशी जरा थांबायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्याभोवती फिरतं. भिरंडं पिकतात एप्रिल-मेमध्ये. फळ फोडून बिया आणि गर वेगळा काढतात, साली उन्हात घालतात. संध्याकाळी त्या मीठ घातलेल्या रसात बुडवायच्या, सकाळी पुन्हा उन्हात. असं पुटावर पूट चढत जातं, लाल साल जांभळी होते, जांभळी काळी, आणि हाताला चिकट मऊ लागू लागते. मिठाचा उरलेला रस बाटलीत भरला की आगळ. बियाही वाया जात नाहीत. त्यांचं घट्ट तेल भेगा पडलेल्या टाचांना लावतात. सगळी धावपळ पहिल्या पावसाच्या आत, कारण एकदा आभाळ भरलं की साल वाळत नाही, बुरसते. हे झाड पश्चिम घाट आणि त्याच्या पायथ्याचं. पण त्याचं कूळ, गार्सिनिया, फार मोठं आहे आणि त्याचे नातेवाईक पूर्वेकडे सर्वत्र पसरलेले आहेत. मँगोस्टीन हे त्यातलंच. केरळात मासळीच्या कालवणात पडणारी कुडमपुळी त्यातलीच. श्रीलंकेत तिलाच गोरका म्हणतात. काळ्या गोरक्याचा लेप लावून तिथे टूनाचे तुकडे कोरडे शिजवतात आणि ते शीतकपाटाशिवाय काही दिवस टिकतात. आसामात थेकेरा, फिलिपिन्सच्या विसायस बेटांत बातुआन. एका कुळाची फळं, आणि प्रत्येक ठिकाणी नेमकी मासळीच्या किंवा मांसाच्या भांड्यात.

आता मलेशियातल्या पेनांगला जाऊ. तिथली आसाम लाक्सा जगप्रसिद्ध आहे, आणि या 'आसाम'चा आपल्या आसाम राज्याशी काही संबंध नाही. मलय भाषेत आसाम म्हणजे आंबट. वाडग्यात तांदळाच्या जाड शेवया, वर काकडी, अननस, कांदा, पुदिना, आले-कुळातल्या एका फुलाची गुलाबी कळी बारीक चिरून, आणि बाजूला चमच्यात कोळंबीचा काळा गोडसर खिमट. नारळाचा थेंब नाही. रस्सा ज्या माशाचा, तो 'इकान केंबोंग', म्हणजे बांगड्याच्याच वंशातला मासा, उकडून, काटे काढून, कुस्करून घातलेला. आंबटाला चिंच असतेच, पण तिच्या जोडीला 'आसाम केपिंग' नावाच्या वाळवलेल्या चकत्या असतात. पाकिटावर इंग्रजीत बहुधा चिंचेच्या चकत्या असं छापलेलं असतं आणि आपला प्रवासी ते खरं धरून चालतो. त्या चिंचेच्या नव्हेतच, भिरंडाच्या मलय चुलत भावाच्या आहेत. बांगडा आणि सोलां, ही जोडी साखळीच्या माणसाला समुद्रापलीकडे वाडग्यात भेटते आणि तो म्हणतो, 'चिंच जरा जास्त झाली!' चिंचेच्या नावांचीही गंमतच आहे. अरबांनी तिला हिंदचा खजूर म्हटलं, मलय लोक तिला 'आसाम जावा' म्हणतात. ती दुसऱ्याच्या गावची, असं जो तो सांगतो.

भाषेचा आधार तर याहून पक्का. नाव नुसतं वाचून पदार्थ कळावा असं आंबटाच्या बाबतीत वारंवार घडतं. थाई भाषेत 'सोम' म्हणजे आंबट: सोम ताम म्हणजे कच्च्या पपईचं कुटलेलं आंबट, गेंग सोम म्हणजे आंबट कालवण. व्हिएतनामी 'चुआ' म्हणजे आंबट. कान्ह चुआ हे मेकाँगकाठचं चिंच आणि अननस घातलेलं माशाचं सार. ब्रह्मी भाषेत 'चिन' म्हणजे आंबट, आणि चिन बाऊंग म्हणजे आपली अंबाडी, जी तिथे घरोघरी शिजते. आसामी 'टेंगा' म्हणजे आंबट. सिंहली 'अंबुल' तर संस्कृत अम्लातूनच आलेला, आपल्या आंबटाचा सख्खा. मेनूकार्डाच्या चाळीस ओळींत एवढे पाच-सहा शब्द ओळखता आले की परक्या गावी काय मागवावं याचा घोर संपतो. तिखटाच्या शब्दांनी हे साधत नाही, कारण तिखट जवळपास सगळ्यातच असतं.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो सगळ्यांना ठाऊक आहे. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि १५११ मध्ये मलाक्का. पुढची सव्वाशे वर्षं दोन्ही बंदरं एका कारभाराखाली होती. डिचोली, साखळी, पेडणे हे नव्या काबिजादीतले, म्हणजे मागाहून जिंकलेले प्रदेश, ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कायमचे त्यांच्याकडे गेले. झालं. यातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते लढायांत नाही, दोन फळांच्या नावांत आहे. बार्देशातल्या आसगावात १८५५ साली जन्मलेले सेबास्तियांव रोदोल्फ दालगाद यांनी आशियातल्या पोर्तुगीज शब्दांचा मोठा कोश रचला. बालचांव हा शब्द त्यांनी मलय 'बलाचान'पर्यंत, म्हणजे कोळंबीच्या आंबवलेल्या लगद्यापर्यंत, नेऊन पोचवला. आपलं बिंबल हेही मलय 'बेलिंबिंग'. उलट करमल इथून बाहेर गेलं: पोर्तुगीज आणि इंग्रजी 'कारांबोला'चं मूळ शब्दकोश मराठी करंबळात शोधतात, आणि गार्सिया द ओर्ताच्या १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात या फळावर चर्चा आहे. बिंबल आणि करमल ही वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने सख्खी भावंडं. एकाचं नाव पूर्वेकडून आलं, दुसऱ्याचं पश्चिमेला गेलं, आणि दोघंही गोव्याच्या एकाच परसात वाढतात. सुमात्राच्या आचे प्रांतात बिंबलं मीठ लावून पुन्हा पुन्हा वाळवतात, काळी मऊ होईपर्यंत. त्याला 'आसाम सुंती' म्हणतात. आपली बिंबलांची सोलां ती हीच. (बिंबलात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं, तेव्हा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी त्याचा रस पिण्याच्या भानगडीत पडू नये.)

यावर पहिला आक्षेप अपेक्षित आहे. चिंच आणि लिंबू तर सगळीकडे मिळतात, मग आंबट स्थानिक कसं? खरं आहे, चिंच मूळची आफ्रिकेची आणि मिरचीइतकीच फिरस्ती. पण चिंच हे या पट्ट्यातलं हाताशी असलेलं आंबट आहे, ओळख पटवणारं नव्हे. जिथे तिच्या जोडीला दुसरं काही पडतं, तिथेच गाव बोलायला लागतं. पेनांगचा वाडगा हेच सांगतो. फिलिपिन्सचं सिनिगांग हा तर या मुद्द्याचा उघडा दाखला. पदार्थ एकच, पण कुठे चिंच, कुठे बिंबल, कुठे बातुआन, कुठे पेरू. आंबट बदललं म्हणून तिथे कुणी ते खोटं ठरवत नाही. त्यामुळेच आपल्याकडच्या अस्सलपणाच्या आग्रहाचं मला नवल वाटतं. मोरजी, मांद्रे, हरमलच्या किनाऱ्यावर थाई आणि इतर पूर्वेकडचं जेवण देणारी कितीतरी उपाहारगृहं आहेत. तिथे डबाबंद लगदा परदेशातून आणतात आणि दहा पावलांवर आंबाडे झाडाखाली सडतात. पेडण्यातल्या बांगड्याची लाक्सा पेडण्याच्याच सोलांवर केली, तर मलय स्वयंपाकाच्या रीतीला ते जास्त धरून होईल.

दुसरा आक्षेप कडवट पण खरा: लोकांना हवं असतं ते गोबी मंचुरियन. मंचुरियन मुंबईत नेल्सन वांग या आचाऱ्याच्या हातून सत्तरच्या दशकात जन्मलं असं सांगतात. गोव्यातल्या जत्रांत त्याने असं ठाण मांडलं की २०२४ च्या सुरुवातीला म्हापसा पालिकेला बोडगेश्वराच्या जत्रेत त्याच्या स्टॉलांवर बंदी घालावी लागली, कारण रंग आणि अस्वच्छता. मला त्याच्या लाल रंगापेक्षा त्याचं आंबट जास्त खटकतं. ते बाटलीतल्या आम्लाचं असतं. त्याला झाड नाही, ऋतू नाही, गाव नाही. म्हणून ते वाळपईत आणि वाराणसीत सारखंच लागतं. लोकांना ते आवडतं हे मान्य. पण त्यातून कुठलंही गाव ओळखता येत नाही, एवढंच माझं म्हणणं.

तिसरा प्रश्न सोमवार पाळणाऱ्यांचा आणि शाकाहारी प्रवाशांचा. पूर्वेकडे माशाचं पाणी नि कोळंबीचा लगदा भाजीतही पडतो, हे खरंच. पण थायलंडात 'जे' अशी पाटी, पिवळ्यावर लाल अक्षरांत, दिसली तर निश्चिंत बसावं: त्यात मांस-मासळी तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. बहुधा ऑक्टोबरात, आपल्या नवरात्राच्या आसपास, अशा जेवणाचा तिथे नऊ दिवसांचा उत्सवच असतो. व्हिएतनाममध्ये 'चाय' म्हणजे शाकाहारी, आणि चांद्र महिन्याच्या पहिल्या नि पंधराव्या दिवशी ते सहज मिळतं. सहलीत पोळी-भाजी बरोबर नेणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. सत्तरी ओलांडलेल्या पोटाला ओळखीचा घास लागतो. मात्र तिशीतला माणूस पेनांगला जाऊन पंजाबी पनीर खात असेल तर त्याने विमानाचे पैसे वाया घालवले.

नरक चतुर्दशीच्या सकाळी साखळीतल्या घरांत दुधातले, रसातले, ताकातले, तिखट असे नाना तऱ्हेचे फोव पानात येतात आणि त्यांच्या कडेला आंबाड्यांची करम असते. आंबाड्याचंच एक भावंड जावा-सुमात्रात 'केदोंदोंग' म्हणून रुजाक या फळांच्या कोशिंबिरीत चिरून घालतात. यंदा पानावर बसाल तेव्हा करम वाढणारीला विचारा, आंबाडे कुठल्या झाडाचे.