सही केली म्हणून हक्क संपत नाही

एखादा जुना गीतकार दवाखान्यात आहे, उपचाराला पैसे नाहीत, असा निरोप व्हॉट्सॲपवर फिरू लागला की खाली हमखास कुणीतरी विचारतं, "एवढी गाणी गाजली, मग पैसा गेला कुठे?" आणि त्या गीतकाराच्या घरात विचारावं तर उत्तर मिळतं, "पैसे तेव्हाच घेतले, कागदावर सही दिली. आता कुणाकडे मागणार?" हे दुसरं वाक्य मी शाहिरांकडून, चाली बांधणाऱ्यांकडून, कॅसेटच्या जमान्यात ढिगाने लोकगीतं लिहून देणाऱ्यांकडून ऐकत आलो आहे. दर वेळी जीव तुटतो, कारण या समजुतीपायी हक्काचा पैसा मागायला माणसं जातच नाहीत.

ही समजूत आली कुठून तेही सांगायला हवं. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की निर्मात्याने मोबदला देऊन गाणं करून घेतलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर त्या गाण्याचा पहिला मालक निर्माता. त्यानंतर पस्तीस वर्षं व्यवहार असाच चालला. गीतकाराच्या हातात एकदाच पाकीट पडायचं. पुढे ते गाणं रेडिओवर कितीही वाजो, लिहिणाऱ्याच्या घरी छदामही येत नसे. तेव्हा "पैसा उडवला असेल" म्हणणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं, की उडवायला तो मुळात आलाच नव्हता.

२१ जून २०१२ पासून कायदा बदलला. कॉपीराइट कायद्याच्या कलम १८ आणि १९ मधल्या दुरुस्तीनुसार गीतकार आणि संगीतकार यांना आपला रॉयल्टीचा वाटा सोडून देताच येत नाही. तो वारसांच्या किंवा कॉपीराइट सोसायटीच्या नावे करता येतो, आणखी कुणाच्याही नाही. कंपनीने करारात तसं लिहून घेतलं, तरी ते कलम रद्दबातल. वाटणी बरोबरीची, म्हणजे हक्क विकत घेणाऱ्याइतकाच वाटा निर्मिती करणाऱ्यांना. चित्रपटगृहात चित्रपटासोबत वाजणारं गाणं तेवढं यातून वगळलेलं आहे. "कायदा कागदावर असतो हो" असं म्हणणाऱ्यांनी मुंबई उच्च न्यायालयाचा एप्रिल २०२३ चा आदेश वाचावा. रेडिओ केंद्रांनी ध्वनिमुद्रण वाजवलं की त्यातल्या शब्दांची आणि चालीची रॉयल्टी द्यावी लागेल, असं न्यायालयाने त्यात या दुरुस्तीच्या आधारेच म्हटलं आहे.

२०१२ च्या आधीच्या करारांवरून वाद होऊ शकतात, म्हणून जुना कागद फेकू नका. पण जुनी गाणी सोसायटीकडे नोंदवता येतात आणि त्यांचीही रॉयल्टी वाटली जाते.

नोंदवता येतात, असं मी मुद्दाम म्हणतो आहे. "गाणं वाजलं की पैसे आपोआप खात्यात येतात" हा त्याच गैरसमजाचा धाकटा भाऊ. गीतकार-संगीतकारांची सोसायटी म्हणजे आयपीआरएस. ती १९६९ साली स्थापन झाली आणि नव्या कायद्याखाली २०१७ मध्ये तिची पुन्हा नोंदणी झाली. तिथे सभासद व्हावं लागतं, एकेक गाणं नावानिशी नोंदवावं लागतं, बँकेचा तपशील द्यावा लागतो. घरात जुनी कॅसेट असेल तर आतला घडीचा कागद काढून पाहा. बारीक अक्षरात "गीत" या शब्दापुढे तुमच्या वडिलांचं नाव आहे, की नुसतं "पारंपरिक" छापलंय? पारंपरिक छापलं असेल तर कवीच्या नावावर काहीच जमा होणार नाही. मग हस्तलिखित वही, तेव्हाची हँडबिलं, आकाशवाणीची पत्रं असे पुरावे गोळा करावे लागतात आणि हे काम कलावंत हयात असताना केलेलं बरं. तो गेला म्हणून हक्क जात नाही, हेही घरच्यांना ठाऊक नसतं. शब्दांवरचा आणि चालीवरचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो.

गायक-वादकांची गोष्ट वेगळी. त्यांना कायद्याने हक्क मिळाले तेच १९९४ च्या दुरुस्तीने, आणि २०१२ मध्ये त्यांत रॉयल्टीची भर पडली. गायकांनी २०१३ साली इस्रा ही संस्था काढली. आता तीत वादकही आहेत आणि तिचं नाव इसाम्रा झालं आहे. शिफ्टवर व्हायोलिन किंवा ढोलकी वाजवलेल्याने आयपीआरएसकडे चकरा मारून उपयोग नाही.

मानधनाबद्दलचे गैरसमज थोडक्यात. "ते नावाजलेल्यांनाच मिळतं" हे खोटं आहे. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन सन्मान योजनेत पूर्वी राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक अशा तीन श्रेणी होत्या, पण एप्रिल २०२४ पासून सगळ्यांना सरसकट महिना ५,००० रुपये आहेत. पन्नाशी उलटलेली असावी, कलेत किमान १५ वर्षं गेलेली असावीत आणि उत्पन्न मर्यादेत असावं. गावच्या जागरण-गोंधळातला संबळवादकही यात बसतो. "मानधन घेणं म्हणजे हात पसरणं" असं मानून अर्ज न करणारे स्वाभिमानी लोक मी पाहिले आहेत. त्यांना हात जोडून सांगतो, हा तुमच्या कामाचा सन्मान आहे, पंचायत समितीत जाऊन चौकशी करा.

आणि दवाखान्याची वेळ आलीच, तर वर्गणीचा निरोप फिरवण्याआधी रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुठल्याही रंगाचं रेशनकार्ड चालतं आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. कलावंत असल्याचा पुरावा तिथे कुणी मागत नाही. एखादा आजार योजनेत बसत नसेल, तर मुख्यमंत्री सहाय्यता निधीकडे अर्ज करता येतो. मात्र तो उपचार चालू असतानाच करा. बिल भरून घरी आल्यावर तो पैसा मिळत नाही.