आवणीचा हंगाम आणि अनुदानाचे वर्ष

घोटीहून भंडारदऱ्याकडे जाऊ लागले की पावसाळ्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांस भातखाचरे दिसू लागतात. आषाढात आवणी सुरू झाली म्हणजे महादेव कोळी, ठाकर आदी समाजांतील घरची कर्ती माणसे दिवसभर चिखलात असतात. अशा दिवसांत धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी किती शाळकरी मुले घरी राहतात, आणि त्यांचा बुडालेला अभ्यास पुढे भरून निघतो की नाही, हा शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्याने हाती घेण्याजोगा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात हे एकच उदाहरण समोर ठेवून अशा कामास द्रव्यसाहाय्य कोठून व कोणत्या अटींवर मिळते, याचा विचार केला आहे.

साहाय्य व्यक्तीला मिळते की संस्थेला, हा भेद प्रथम ध्यानी घ्यावयास हवा. अधिछात्रवृत्ती व्यक्तीला मिळते, परंतु ती पीएच.डी.च्या नोंदणीशी बांधलेली असते. विद्यापीठ अनुदान आयोगाची नेट परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ अधिछात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये, व दोन वर्षांनंतर वरिष्ठ श्रेणीत ४२,००० रुपये अशी ठरली. सादिलवारासाठी मात्र मानव्यविद्यांच्या संशोधकास पहिली दोन वर्षे वार्षिक १०,००० रुपयेच दिले जातात. पाड्यापाड्यांवर वारंवार जावयाचे असेल, तर ही रक्कम तुटपुंजी होय. याखेरीज अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे. राज्यात बार्टी, सारथी व महाज्योती या संस्था आपापल्या लक्ष्यगटांतील संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात.

प्रकल्प-अनुदानाची गोष्ट निराळी. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद १९६९ मध्ये स्थापन झाली. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून काम केलेले जे. पी. नाईक हेच तिचेही पहिले सदस्य-सचिव होते. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात ग्रामीण शिक्षणाचे प्रयोग केलेला हा माणूस संशोधनाच्या अर्थव्यवस्थेकडे वळला, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी विसरू नये. शालेय शिक्षणापुरते पाहावयाचे तर एनसीईआरटीने १९७४ मध्ये शैक्षणिक संशोधनास साहाय्य करणारी स्वतंत्र समिती नेमली. ती ‘एरिक’ या नावाने ओळखली जाते. अशा प्रकल्पांचा पैसा संस्थेच्या खात्यातून खर्च होतो, हप्त्यांनी येतो, आणि पुढील हप्त्यासाठी उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते.

खरी अडचण येथेच उद्भवते. सरकारी वर्ष ३१ मार्चला संपते. आवणी आषाढ-श्रावणात आणि कापणी दिवाळीच्या आगेमागे. मंजुरीपत्र भाद्रपदात हाती आले, तर त्या वर्षीची आवणी उलटून गेलेली असते आणि पुढच्या आवणीपूर्वीच पहिल्या वर्षाचा हिशेब मिटवावा लागतो. मग क्षेत्रकार्याच्या नावावर फेब्रुवारीत प्रश्नावल्या भरून घेतल्या जातात. मुले तेव्हा शाळेत असतात, आई-बाप मात्र कित्येकदा मजुरीसाठी बाहेरगावी गेलेले असतात. मिळालेले आकडे खोटे नसतात. ते दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर असतात.

यावर आमच्या मते उपाय अर्जातच करावा. पहिल्या वर्षाचा खर्च मागील काही वर्षांच्या हजेरीपटांच्या नकला घेणे, जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाची परवानगी मिळविणे आणि साधने तयार करणे यांवर दाखवावा, व आवणीतील भेटी स्पष्टपणे दुसऱ्या वर्षात घालाव्यात. कापणीचा काळ तुलनेसाठी उपयोगी पडतो, म्हणून तोही सोडू नये. कामाचे वेळापत्रक पिकाच्या महिन्यांनुसार का आखले आहे, हे चार वाक्यांत लिहिल्यास परीक्षकास ते समजते. न लिहिल्यास विलंब आळसाचा भासतो.

ज्यांना अनुदानाची गरजच नाही असे संशोधक म्हणजे त्या शाळांतील शिक्षक. स्टीफन कोरी यांनी १९५३ मध्ये मांडलेली कृतिसंशोधनाची कल्पना त्यांच्यासाठीच आहे, आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचे मार्गदर्शन त्यांना घेता येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा केली आहे. महाविद्यालयीन अध्यापकांसाठी १९८७ नंतर निघालेली अकॅडमिक स्टाफ कॉलेजे आज मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे म्हणून चालतात. या ५० तासांपैकी काही तास व्याख्याने ऐकण्याऐवजी स्वतःच्या वर्गाचा हजेरीपट वाचण्यात गेले, तर आवणीच्या प्रश्नाची पहिली सामग्री तेथेच, एकही रुपया न मागता, जमा होईल. विभागातील संशोधकाने अर्ज करण्यापूर्वी तीच जाऊन पाहावी.